टिश्यू खिशात राहिला आणि सगळे कपडे पांढरे झाले : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

सर्दीचे दिवस आले की टिश्यूवाले प्रश्न वाढतात, यावेळी बरेच आलेत, त्यातले सगळ्यांना उपयोगी पडतील असे घेतलेत.

प्रश्न : ताई, मुलाच्या पँटच्या खिशात टिश्यू राहिला आणि आता नेव्ही ब्लू युनिफॉर्म, माझ्या काळ्या लेगिंग्ज सगळ्यावर पांढरे कण आहेत. ओल्यावरच हाताने काढतेय पण अजूनच चिकटतायत. परत धुवायला टाकू का?

आधी हात थांबवा, आणि परत मशीन तर अजिबात लावू नका. टिश्यू म्हणजे लाकडाच्या लगद्याचे बारीक तंतू, पाण्यात ते सुटे होतात आणि ओल्या कपड्यावर तुम्ही जितकं चोळाल तितके विणीच्या आत जाऊन बसतात. लगेच परत धुतलं तर तोच लगदा त्याच टबात फिरत राहतो, फ्रंट लोडमध्ये तर पाणीच कमी असतं त्यामुळे तो वाहूनही जात नाही, जे कपडे वाचलेत त्यांनाही लागतो.

एकेक कपडा बाहेर काढा, उलटा करा, खिसे बाहेर ओढा आणि बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये जोरात झटका. (घरात नको, सगळीकडे उडतं.) मग वाळत घाला आणि कडकडीत वाळू द्या, अर्धवट नको. वाळल्यावर कागदाची पकड सुटते, परत झटकलं की बहुतेक सगळं गळून पडतं. उरलेल्यासाठी भांडी घासायचा रबरी हातमोजा कोरडाच हातात घालून कपड्यावरून एकाच दिशेने फिरवा, कण गोळा होऊन येतात. लिंट रोलर असेल तर छानच, नाहीतर पॅकिंगची चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळून टपटप लावत जा. जॉर्जेट, जरी, भरतकाम असेल तर टेप नको, धागे ओढले जातात, तिथे मऊ ब्रश वापरा. हे सगळं झाल्यावरच, गरज वाटली तर, थोडेच कपडे टाकून जास्त पाण्यात धुवा आणि एक रिन्स जादा द्या.

प्रश्न : त्याच खिशात पन्नासची नोट होती, ती शाबूत निघाली आणि टिश्यूचा मात्र भुगा. असं का?

आपल्या नोटांचा कागद १०० टक्के कापसाचा असतो, तंतू लांब आणि चिवट, म्हणून नोट धुण्यात टिकते. टॉयलेट पेपर मुद्दाम पाण्यात सुटा व्हावा असाच बनवतात, त्यामुळे त्याचा सगळ्यात बारीक लगदा होतो. किचन रोलमध्ये ओला झाला तरी फाटू नये म्हणून रेझिन घातलेलं असतं, म्हणून त्याचे मोठे तुकडे निघतात आणि वेचायला सोपे जातात.

प्रश्न : मशीनमध्ये ऍस्पिरिनच्या गोळ्या टाकल्या की टिश्यू विरघळतो असा व्हिडिओ बघितला. खरंय का? आणि व्हिनेगर?

गोळ्या डोकेदुखीसाठी ठेवा. कागद ऍस्पिरिनने विरघळत नाही, व्हिनेगरनेही नाही. शेवटच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर घातला तर कण थोडे सहज सुटतात, तेवढंच. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, व्हिनेगर आणि ब्लीच कधीच एकत्र टाकू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो विषारी आहे.

प्रश्न : आम्ही चिपळूणला, पावसात कपडे वाळतच नाहीत. इस्त्री फिरवून वाळवून झटकू का?

इस्त्री नको, तिच्या दाबाने कण सपाट होऊन कापडाला चिकटतात. आधी झटका, पंख्याखाली हँगरवर एकेक सुटा टांगा, गर्दी करू नका. सकाळी युनिफॉर्म हवाच असेल तर फक्त तेवढ्यालाच हेअर ड्रायर मारा.

प्रश्न : आमच्याकडे चक्क बाळाचा डायपर कपड्यांसोबत धुतला गेला. सगळीकडे जेली! मशीन गेली का?

नाही गेली, पण जेली बेसिनमध्ये धुऊ नका, पाइप तुंबेल. ती पाणी शोषणारी पावडर असते, अजून पाणी मिळालं की अजून फुगते. हाताने जमेल तितकी उचलून कचऱ्यात टाका, कपडे वाळवून झटका. कपड्यावर चिकटलेलीच असेल तर बादलीत मिठाचं पाणी करून त्यात बुडवा, मिठाने जेली पाणी सोडते आणि आकसते. मीठ मशीनमध्ये मात्र नको, बादलीतच.

आता मशीन, आणि हे टिश्यूवाल्यांनाही लागू. प्लग काढा. दाराच्या रबराच्या घड्या ओल्या फडक्याने पुसून घ्या, कचरा सगळा तिथेच अडकतो. पाणी गरम असेल तर आधी थंड होऊ द्या. मग खाली पुढच्या बाजूला छोटं झाकण असतं, त्याच्यापुढे परात ठेवा आणि फिल्टर हळूहळू फिरवा कारण पाणी येतंच, फिल्टर धुवून परत घट्ट बसवा. टॉप लोड असेल तर टबातली जाळीची पिशवी उलटी करून साफ करा. मग टब क्लीन किंवा नुसतीच रिकामी एकदा फिरवा, आणि चांगले कपडे टाकायच्या आधी एखादं जुनं काळं फडकं धुवून बघा, त्यावर पांढरं आलं तर अजून एकदा रिकामी फिरवायची.