मशीन थांबतं तिथे बिघाड नसतो

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बॉलिंगच्या लेनवर दहा पिनांचा नवा संच मांडायची वेळ आली की पिना मांडणारं मशीन ताटकळतं, म्हणून तू डेक, म्हणजे पिना खाली ठेवणारा भाग, उघडून बसलास. डेक मिटव आधी. त्याचं काही बिनसलेलं नाही, तो पिनांची वाट बघतोय. तू मागे जा.

हे कोण खेळत असताना होतं, ते बघ. नवशिक्यांना दोन बॉलनंतर दहा पिना लागतात, तोवर मागचं मोठं चाक निवांत पिना वर पोचवतं. स्ट्राइकवर स्ट्राइक, म्हणजे पहिल्याच बॉलला सगळ्या पिना, पाडणारा आला की दर बॉलला दहा हव्यात, आणि मंदावलेला पुरवठा तेव्हाच उघडा पडतो. ब्रन्सविक कंपनीचं ए-२ घे नाहीतर एएमएफ कंपनीचं ८२-७०, मशीनमध्ये वीसेक पिना फिरत असतात. दहा लेनवर, बाकीच्या वाटेत. ही वाट खालच्या पट्ट्यापासून सुरू होते. लेनवरचं तेल बॉलबरोबर मागे येतं, पट्ट्यावर बसतं, त्यात धूळ मिसळते. मग पिना चाकाकडे सरकायच्या सोडून जागच्या जागी लोळत राहतात. अशा वेळी पाना नको, फडकं घे.

पण आत वाकण्याआधी मागचा स्विच बंद, आणि तो तू स्वतः बंद केलेला. काउंटरवरून कुणी ‘बंद केलंय’ म्हणून ओरडलं तर ते ऐकलंच नाही असं समज. डेक वर अडकला असेल तर त्याच्याखाली हात घालायचा नाही. वीज गेली म्हणून त्याचं वजन जात नाही. समोर लोक खोळंबलेत? खोळंबू देत.

मी शिकाऊ होतो तेव्हा वस्तादांनी बरेच दिवस मला हत्यार दिलंच नाही. मशीनमागे उभं करायचे, ऐक म्हणायचे. बॉल मागच्या गादीवर थडकतो, पुढची फळी खाडकन खाली येते, डेक उतरून उभ्या पिनांच्या माना धरतो आणि उचलतो, फळी पडलेल्या पिना मागे लोटते, डेक उरलेल्या परत ठेवतो. हा क्रम कानात बसला की एक आवाज उशिरा आला तरी मान आपोआप वळते. कागदावरचे नकाशे नंतर कळतात. (तेही वाच. कंटाळवाणे आहेत, पण वाच.)

एक चूक सगळे नवे करतात. बॉलच्या धक्क्याने पिन जागेवरून सरकते, पण पडत नाही. डेक नेमका तिच्या डोक्यावर येऊन टेकतो आणि मशीन थांबतं. नवा पोरगा जाऊन ती पिन नीट ठिपक्यावर ठेवतो, वर खूश होतो. खेळणाऱ्याचा घात! पिन सरकून जिथे उभी राहिली तिथेच राहिली पाहिजे, नियम तसाच आहे. मशीन मोकळं करताना ती हलू देऊ नकोस.

या मशीनना कुणी नावं ठेवली की मला पूर्वीची पोरं आठवतात. अमेरिकन छायाचित्रकार लुईस हाइनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेले त्यांचे फोटो बघ. रात्री उशिरापर्यंत हाताने पिना मांडणारी लहान मुलं. १९४६ साली एएमएफने बफेलोच्या स्पर्धेत आपलं स्वयंचलित धूड दाखवलं. ते हवेच्या ओढीने पिना उचलायचं.

दोरीच्या मशीनबद्दल विचारलंस. जरूर शीक. पिना डोक्याला दोरी बांधून वर ओढायच्या आणि परत सोडायच्या, भाग थोडे, वीजही कमी. अमेरिकेतली बॉलिंगची संघटना यूएसबीसी, तिने २०२३ साली त्या खेळाला मान्यता दिली, पण वेगळा प्रकार म्हणून. दोरीमुळे पिना पडण्याची तऱ्हा बदलते. ती बसवताना जुनी मशीनं भंगारात निघतील. तू आधी पोच. गिअरबॉक्स, मोटर आणि डेकच्या पकडी उतरवून घे, तेल लावून, चिठ्ठ्या चिकटवून कोरड्या जागी ठेव. पत्र्यासाठी भांडू नकोस, तो कुठेही वाकवून मिळतो.

तुझा,
काका