जानेवारीत सुरू, लेवीयात बंद

*पत्र : मी पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. दर आठवड्याला ड्युटी बदलते, दोन मुलं शाळेत जातात. दरवर्षी १ जानेवारीला वर्षभरात बायबल वाचायचा तक्ता घेऊन बसते आणि महिनाअखेरीला सुटतं. सासूबाई रोज पहाटे पाचला वाचतात. 'प्रभू येशूसुद्धा मोठ्या पहाटे उठला होता,' असं ऐकवतात. माझा विश्वासच कमी पडतो का?*

ताई, विश्वासाचं नंतर बघू, आधी हिशोब करू. तुमच्या बायबलात ६६ पुस्तकं धरली तर ११८९ अध्याय होतात. ते वर्षात संपवायचे म्हणजे रोज सव्वातीन. उत्पत्ती गोष्टींच्या ओघात सरते, निर्गमाची सुरुवातही. २३-२४ जानेवारीला तुम्ही निर्गमाच्या २५व्या अध्यायाशी पोचता आणि बाभळीच्या लाकडाचा अडीच हात लांबीचा कोश, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी, सुरू होतो. पुढे पडदे, फळ्या, कड्या. २८ तारखेच्या आसपास लेवीय, म्हणजे याजकांच्या (पुरोहितांच्या) आणि अर्पणांच्या नियमांचं पुस्तक, उघडतं, तेही बहुधा नाइटच्या आठवड्यात! त्यात दोन दिवस चुकले की साडेसहा अध्याय थकतात आणि चौथ्या दिवशी तक्त्याकडे बघवतसुद्धा नाही. तक्ताच तुमच्या ड्युटीसाठी बनलेला नाही.

तो बाजूला ठेवा. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस रोज एक वाचलात तर ५२ आठवड्यांत बरोबर संपतात, आणि दोन दिवस हाताशी राहतात. सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा. १६च अध्याय आहेत आणि प्रसंग भराभर पुढे जातात. एका अध्यायाला सहा-सात मिनिटं पुरतात. तारखा लिहू नका, वाचून झालेल्या अध्यायावर पेन्सिलने टिक करा. खाडा झाला तर भरून काढायचा नाही, पुढचाच अध्याय उघडायचा. सवय मोडते ती खाड्यामुळे कमी, थकबाकीमुळे जास्त.

वेळ घड्याळाला बांधू नका, शिफ्टमध्ये ती टिकणार नाही. झोपून उठल्यावरच्या पहिल्या चहाला बांधा. मग तो सकाळी सहाचा असो की दुपारी तीनचा. बायबल चेनच्या कव्हरात, गीतांच्या पुस्तकासोबत कपाटात असेल तर ते रविवारीच निघणार. ते चहा पिता तिथे, खूण घालून ठेवा. बसमध्ये मोबाइल चालेल. यूव्हर्जनच्या ॲपमध्ये मराठी भाषांतरं फुकट आहेत. फक्त अध्याय उघडला की नेट बंद करा, नाहीतर तिसऱ्या वचनाला शाळेच्या ग्रुपचा मेसेज येतो. प्रवासातलं वाचन दुय्यम समजू नका. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला कूश देशाचा अधिकारी रथात बसूनच यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता, तेही मोठ्याने. म्हणूनच फिलिप्पाला ते ऐकू गेलं. 'कळतंय का?' असं विचारल्यावर, कोणी सांगितल्याशिवाय कसं कळणार, असं त्याने सरळ म्हटलं. तुम्हीही अडलेल्या वचनाचा आकडा वहीत टिपा आणि रविवारी पाळकांना विचारा. किती वाचलं हे सांगायला जाण्यापेक्षा हे सोपं जातं.

नाइटच्या आठवड्यात अध्यायसुद्धा नको. स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं घ्या. यरुशलेमेच्या वाटेवर यात्रेकरू ती गात, असं मानतात. १३२वं सोडलं तर एकही नऊ वचनांपुढे जात नाही. १३४वं तर तीनच वचनांचं, आणि ते रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभं राहणाऱ्या सेवकांसाठी आहे. १२१व्यात राखणदाराला डुलकी लागत नाही. रात्री तीनला वॉर्डात हे कसं लागतं ते तुम्हालाच ठाऊक.

लेवीय कायमचं टाळायचं नाही. नव्या करारात इब्री लोकांस पत्राचे १३ अध्याय झाले की मग घ्या, याजक आणि अर्पणं कशासाठी ते तोवर कळलेलं असतं. तुम्हाला तर १३वा अध्याय आवडेल. याजक कातडीवरचा चट्टा बघतो, शंका असली तर माणसाला सात दिवस वेगळं ठेवतो, सातव्या दिवशी पुन्हा तपासतो आणि चट्टा पसरला का ते पाहतो. हे काम तुमच्या ओळखीचं आहे.

राहिल्या सासूबाई. त्या सांगतात ते वचन मार्क १:३५. येशू पहाटे उठून एकांतात गेला, पण तिथे प्रार्थना केल्याचं लिहिलंय, वाचनाचा उल्लेख नाही. आदल्या संध्याकाळी दाराशी आजाऱ्यांची गर्दी होती, आणि पुढच्याच दोन वचनांत शिष्य शिमोन शोधत येतो आणि म्हणतो, 'सगळे तुम्हाला शोधताहेत.' त्यालाही निवांतपण मिळू दिलं नाही लोकांनी. हे सासूबाईंना वादासाठी ऐकवू नका. तुम्ही पहिल्याच दिवशी मार्काचा पहिला अध्याय वाचणार आहात, तो त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही चहा गाळेपर्यंत होईल.