खुणा नाहीत, सूज नाही, तरी मण्यार चावलेली असू शकते

रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्याशी काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप दिसला, कपाटामागे शिरला आणि मग सापडलाच नाही, असं तुम्ही लिहिलंय. घरातले सगळे जमिनीवर गाद्या टाकून झोपतात आणि आता कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मारायला धावू नका, हात घालू नका वगैरे इतरांनी सांगून झालंय, ते पुन्हा लिहीत नाही. मी थांबलो ते तुमच्या शेवटच्या ओळीपाशी. दवाखान्यात विचारलंत तर उत्तर मिळालं, "चावला तर खुणा दिसतील, सूज येईल, तेव्हा या." हेच वाक्य आमच्या घरच्यांनी एका रुग्णालयात ऐकलंय आणि ते आम्हाला फार महागात पडलं. नाव लिहीत नाही, कारण असं बोलणारं ते एकच नाही.

मी डॉक्टर नाही. उपचार काय द्यायचे हे डॉक्टरच ठरवतील. पण दारातून परत पाठवलं जाऊ नये यासाठी काय बोलायचं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

घोणस किंवा फुरसं चावलं की जागा ठणकते, सुजते. नागाच्या दंशातही सहसा दुखतं आणि सूज येते. म्हणून "साप चावला" म्हटलं की सगळे सूज शोधतात. तुम्ही पाहिलेला काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप मण्यार असू शकतो, आणि ती विषारी असते. मण्यारीचे विषदंत आखूड आणि बारीक. दंश बहुतेकदा झोपेत होतो, मुंगी चावल्यासारखं काहीतरी वाटतं आणि माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. सकाळी त्वचेवर काहीच नसू शकतं. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते, घसा दुखतो. साप कुणी पाहिलेलाच नसतो. मग पित्त झालंय म्हणून इंजेक्शन मिळतं आणि घरी पाठवतात. पुढच्या काही तासांत पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो, मान उचलत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

दुसरी फसगत रक्ताच्या तपासणीत होते. २ मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालून २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी तिरकी करून गोठलं का पाहतात. तपासणी उत्तम आहे, पण ती घोणस आणि फुरशासाठी. त्यांचं विष रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवतं. मण्यारीचं विष नसा आणि स्नायू जिथे जुळतात तिथे काम करतं, रक्त व्यवस्थित गोठतं. त्यामुळे "रक्त गोठलं, विष नाही, घरी जा" हे मण्यारीच्या बाबतीत साफ चूक. (नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर विष नसतानाही रक्त न गोठलेलं दिसू शकतं, हे जाता जाता.)

म्हणून अपघात विभागात गेल्यावर "पोटात दुखतंय" एवढ्यावर थांबू नका. सरळ सांगा: "रात्री जमिनीवर झोपले होते, घरात पट्ट्यांचा साप दिसला होता, पहाटेपासून कळा आणि उलट्या आहेत. मण्यारीचा संशय आहे. खुणा नसल्या तरी २४ तास निरीक्षणाखाली ठेवा." आणि केसपेपरवर "सर्पदंशाचा संशय" हे शब्द लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की हवेत विरतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंश नोंदवण्याजोगा आजार म्हणून जाहीर करायला राज्यांना सांगितलं. संशयित रुग्णांचीही नोंद त्यात येते, म्हणजे "नक्की माहीत नाही, कसं लिहू" ही सबब चालू नये. चालते, हा भाग वेगळा.

तिथे बसल्या बसल्या तुम्हीही लक्ष ठेवू शकता. दर अर्ध्या तासाने रुग्णाला डोकं न हलवता वर बघायला सांगा, मिनिटभरात पापण्या खाली येतात का पाहा. एका श्वासात आकडे मोजायला लावा आणि कितीपर्यंत मजल जाते ते वेळेसह लिहा. आकडा घसरत चालला की लगेच नर्सला गाठा. झोपल्या जागी उशीवरून मान उचलता येते का, दोन-दोन दिसतं का, लाळ गिळली जाते का, एवढं पुरे. पाणीही पाजू नका. गिळणं बिघडलं असेल तर ते श्वासनलिकेत जातं.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. विष पूर्ण भिनल्यावर रुग्ण डोळे उघडत नाही, बोट हलवत नाही, बाहुल्यांवर उजेड टाकला तरी त्या प्रतिसाद देत नाहीत. नातेवाईकांना, आणि कधीकधी अननुभवी डॉक्टरांनाही, वाटतं की सगळं संपलं. पण तो शुद्धीवर असू शकतो, तुमचं बोलणं ऐकत असू शकतो. व्हेंटिलेटरवर श्वास चालू राहिला तर काही दिवसांत असे रुग्ण पूर्ण बरे होतात. मण्यारीने एकदा केलेला लुळेपणा प्रतिविषाने लगेच उलटत नाही, म्हणून प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही लागतात. आजच जवळच्या दोन-तीन रुग्णालयांत फोन करून विचारून ठेवा: प्रतिविष आत्ता आहे का, व्हेंटिलेटर आहे का, रात्री तो चालवणारं कुणी असतं का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण अडखळतात.

आता आजची रात्र. मच्छरदाणी. गादीवर नुसती टांगलेली नाही, चारही बाजूंनी गादीखाली निदान वीतभर खोचलेली. हात-पाय जाळीला टेकणार नाहीत एवढी मोठी. आत शिरण्याआधी टॉर्चने अंथरूण, उशीखालची जागा पाहायची आणि मग खोचायची, उलट क्रमाने नाही. खाट असेल तर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा आणि चादरीची टोकं जमिनीला टेकू देऊ नका. खाट आणि मच्छरदाणी दोन्ही असतील तर फारच उत्तम. माझ्या मते घरात मण्यार असण्याच्या धोक्यावर यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही.

कपाटामागे ती अजून आहे का, हे पाहायला दारात आणि भिंतीच्या कडेने टाल्कम पावडरचा पातळ हातभर रुंद पट्टा टाका. सरपटल्याची रेघ सकाळी दिसते. पीठ वापरू नका, उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. रेघ उठली नाही म्हणजे ती गेली असंही नाही, पोट भरलेला साप एका जागी बरेच दिवस पडून राहतो. पुन्हा दिसली तर एकाने ३ मीटरवरून नजर ठेवायची, दुसऱ्याने त्या खोलीचं दार लावून फटीत टॉवेल कोंबायचा आणि १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर (महाराष्ट्रात) फोन करायचा. नजर हटली की शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून. सर्पमित्र आला आणि आकडी-पिशवीऐवजी मोबाइल आधी बाहेर काढला, तर त्याला नम्रपणे परत पाठवा. दिवसा मण्यार सुस्त असते, वेटोळ्यात डोकं लपवते, आणि याच भरवशावर हाताळणारे चावून घेतात.

कार्बोलिक ॲसिडची बाटली आणली आहे असं लिहिलंय. ती बंद करून मुलांपासून लांब ठेवा. साप तिला जुमानत नाही, तुमची कातडी मात्र भाजते. लसूण, फिनाइल, डांबरगोळ्या, आवाज करणारी यंत्रं, सगळं त्याच रांगेत. त्याऐवजी एक रविवार फटींना द्या. न्हाणीच्या मोरीला ६ मिमीपेक्षा बारीक भोकांची, स्क्रूने बसणारी जाळी लावा, नुसती ठेवलेली जाळी साप ढकलतो. दाराखाली रबरी पट्टी बसवा. एसीच्या नळीभोवतीचं भोक आणि उंदरांची बिळं आधी तारेची जाळी कोंबून मग सिमेंटने बुजवा, नुसतं सिमेंट उंदीर पुन्हा पोखरतात. आणि हे करण्याआधी साप आत नाही याची खात्री करा, नाहीतर त्याला आतच कोंडाल.

भीतीबद्दल. "साप तुम्हालाच घाबरतो" हे वाक्य कुणाला झोप लावत नाही, म्हणून ते मी सांगणार नाही. झोपण्यापूर्वीची तपासणी एकदाच, ठरलेल्या क्रमाने करा: मोरी, दार, कपाटामागे, अंथरूण, मच्छरदाणी. मग रात्री पुन्हा उठून तपासायचं नाही. दर तासाला टॉर्च मारली की मन प्रत्येक वेळी नव्याने घाबरतं. फोन नंबर आणि रुग्णालयाचं नाव भिंतीवर लावलं की निम्मी घालमेल कमी होते. महिन्याभराने घरात धोका उरला नसतानाही झोप येत नसेल, दोरी पाहून दचकायला होत असेल, तर समुपदेशकाकडे जा. आधी चित्रं, मग व्हिडिओ, मग काचेपलीकडचा साप, अशी पायरी-पायरीने ही भीती कमी करतात आणि ते काम करतं.

आता तो साप मण्यार होता की कवड्या, हे मी इथून सांगू शकत नाही, आणि जो छातीठोक सांगेल त्याचंही ऐकू नका. कवड्या बिनविषारी, तोही घरात येतो, भिंतीही चढतो. त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे डोक्याकडे पुसट किंवा नसलेलेच, शेपटीकडे ठळक, आणि बऱ्याचदा जोडीजोडीने. पण रात्री घाबरलेल्या नजरेला हे दिसत नाही. कपाट हलवताना कात सापडली तर फेकू नका. उजेडात धरून पाठीच्या मधोमध बाकीच्यांपेक्षा मोठ्या, षटकोनी खवल्यांची रांग आहे का ते पाहा, आणि उलटी करून शेपटीखालचे खवले पाहा. मण्यारीत ते अखंड, एकेरी असतात, कवड्यात जोडीने दुभंगलेले. दोन्ही बाजूंचे फोटो जवळून काढून इथेच टाका.