ऐकू येतं, पण कोण कोणापेक्षा?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी नर्सिंग झालेली. आयईएलटीएसला, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेला, बाकी तिन्ही भागांत ७ आणि लिसनिंगला (ऐकण्याला) ६. ‘शब्द न् शब्द कळतो म्हणते, मग मार्क जातात कुठे? पुण्याला क्लास लावू का?’ असं तुम्ही विचारलंय.

तिच्या सराव पेपरांच्या प्रती पाहिल्या. पुण्याला पाठवू नका. तिथेही पेपरावर पेपर वाजवतील, चुकलेलं उत्तर उघडून कोणी बसणार नाही.

चुका बहुतेक लिसनिंगमधल्याच तिसऱ्या भागातल्या आहेत. तिथे दोन-तीन विद्यार्थी अभ्यासावर बोलतात, हे बरं की ते बरं ठरवतात, आणि आवाज एकदाच ऐकवतात. आपण म्हणतो, ‘टॉवेलपेक्षा चादर जड.’ ज्याच्याशी तुलना तो टॉवेल आधी. इंग्रजीत चादर आधी, मग ‘हेविअर’, आणि टॉवेल शेवटी. मधला ‘दॅन’, म्हणजे आपला ‘पेक्षा’, तर बोलणारे अर्धा गिळतात. तुमच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड. तेलुगूतलं ‘कंटे’ घ्या नाहीतर कन्नडमधलं ‘गिंत’, चाल आपल्या ‘पेक्षा’चीच. म्हणजे सोलापूरच्या पोरीला तीन भाषा येतात, पण इथे तिन्ही कान एकाच बाजूला ओढतात!

त्याहून फसवं ‘नॉट ॲज युसफुल ॲज’, म्हणजे ‘त्याच्याइतकं उपयोगी नाही’. आपला ‘नाही’ वाक्याच्या शेवटी ठणकावून येतो. इंग्रजीतला आधीच ‘इझन्ट’मध्ये दबून जातो. कानावर राहतं फक्त ‘युसफुल’, आणि तिने त्यावरच खूण केलीय. ‘बट’ तिला सापडतो. ‘व्हाइल’ मात्र शाळेत ‘असताना’ म्हणून पाठ झालेला. इथे त्याचा अर्थ ‘हे असं, तर ते तसं’ असाही होतो. ‘अनलाइक’ वाक्याच्या तोंडाशी आला, की फरक सांगणार हे ओळखायचं. आणि ‘आय यूज्ड टू थिंक’ म्हणजे जुनं मत. उत्तर पुढे असतं.

सराव असा करा. रोज वीस मिनिटं, तिसराच भाग. तुलनेचं वाक्य आलं की थांबवायचं आणि कागदावर बाण काढायचा: कोण वर, कोण खाली. मग पुस्तकामागची संहिता उघडून ताडायचं. तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणता, तरी शेजारी बसा आणि ‘काय कशापेक्षा जास्त?’ एवढंच विचारा. तिने मराठीत सांगायचं. अडखळली की चूक तिथेच आहे.

६ वरून ७ म्हणजे ४० पैकी साधारण २३ वरून ३० बरोबर. सातच प्रश्न. तिने परीक्षा कॉम्प्युटरवर दिलीय, तेव्हा ‘वन स्किल रीटेक’मध्ये फक्त लिसनिंग पुन्हा देता येतं, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. पण पैसे भरण्याआधी, जिथे अर्ज करायचाय ते असा निकाल मान्य करतात का, हे तिने ईमेल करून लेखी विचारावं. सगळेच करत नाहीत.