पब्लिक की सगळ्यांना वाटली, मग गुपित राहिलं कुठं?

मागच्या अंकात डिजिटल सहीवर चार ओळी टाकल्या आणि सांगली, मिरज, तासगाव सगळीकडून पत्रं यायला लागली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारूच नका. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा नाही म्हणून ज्यात जरा दम आहे ते प्रश्न घेतलेत. कुणाचा राहिला असेल तर रागावू नका.

प्रश्न : मी हायस्कूलला गणित शिकवायचो, आता रिटायर. नातू मिरजेला कॉम्प्युटर करतोय, तो म्हणतो पब्लिक की (की म्हणजे चावी) जगाला द्यायची आणि तरी त्या कीने लॉक केलेला मेसेज दुसऱ्या कुणाला उघडता येत नाही. मी म्हटलं, बाळा, ज्यानं बंद होतं त्यानंच उघडायला पाहिजे. तो मला कुलूप-किल्लीची चित्रं दाखवायलाय. मला चित्रं नकोत, आकडे द्या. (विश्रामबाग, सांगली)

गुरुजी, मन खूश केलंत. ती चित्रं मलाही पटत नाहीत, कारण मेसेज लॉक करण्यापर्यंत ठीक चालतात आणि सहीवर आलं की गाडी अडते. तर आकडेच घ्या, कागद-पेन असू द्या जवळ.

दोन मूळ संख्या घ्या, ३ आणि ११. गुणाकार ३३. आता दोन्हीतून एकेक वजा करून गुणा, म्हणजे २ गुणिले १०, आले २०. हा २० कुणाला सांगायचा नाही. आता २० शी सामाईक अवयव नसलेली एक संख्या घ्या, ३ घेऊ. मग अशी संख्या शोधा की तिला ३ ने गुणून २० ने भागलं की बाकी १ उरते. ती ७, कारण तीन साते एकवीस. झालं काम. ३३ आणि ३ ही तुमची पब्लिक की, बोर्डावर लिहून ठेवा खुशाल. ७ ही प्रायव्हेट की, ती सूनबाईंना पण सांगायची नाही.

आता नातवाला तुम्हाला ४ हा आकडा गुपचूप पाठवायचाय (कॉम्प्युटरमध्ये अक्षरं पण शेवटी आकडेच असतात). तो ४ चा घन करतो, ६४, त्याला ३३ ने भागतो, बाकी ३१. हे ३१ तो पोस्टकार्डावर लिहून पाठवला तरी चालतंय. तुम्ही ३१ चा सातवा घात करायचा, तो येतो २७५१ कोटी २६ लाख १४ हजार १११, आणि ३३ ने भागून बाकी बघायची. बाकी येते ४. एवढा मोठा आकडा काढायची पण गरज नाही, दर गुणाकाराला ३३ ने भागून बाकी तेवढी पुढं न्यायची, ३१ गुणिले ३१ म्हणजे ९६१, बाकी ४, असं करत गेलं की दोन मिनिटात होतंय, कॉम्प्युटर पण असंच करतो.

मधल्या माणसाला काय दिसलं? ३३, ३ आणि ३१. तो म्हणेल घन केलाय ना, मग घनमूळ काढतो. काढ की! ३१ चं घनमूळ पूर्णांकात येतच नाही, कारण आपण ६४ मधले ३३ फेकून दिलेत आणि किती वेळा फेकले ते त्याला माहिती नाही. त्याला ७ पाहिजे, ७ साठी २० पाहिजे, आणि २० साठी ३३ चे ३ आणि ११ असे तुकडे करता आले पाहिजेत. म्हणजे "ज्यानं बंद होतं त्यानंच उघडतं" हा तुमचा नियम इथं लागू होत नाही, कारण ३ ने केलेलं ७ उलटवतो, परत ३ वापरला तर उलटत नाही, अजून गोंधळ होतो.

आणि आता गंमत बघा. हेच उलटं करा. तुम्ही ४ वर आधी तुमचा ७ वापरा: चारचा सातवा घात १६३८४, ३३ ने भागून बाकी १६. नातवाला ४ आणि १६ दोन्ही पाठवा. तो तुमची पब्लिक की वापरून १६ चा घन करेल, ४०९६, बाकी ४. जुळलं! म्हणजे हे १६ ज्याच्याकडं ७ आहे त्यानंच काढलेलं असणार. ही झाली डिजिटल सही. ४ हा आकडा इथं लपलेला नाहीच, सगळ्यांना दिसतोय, फक्त तो तुम्हीच पाठवलाय आणि मधे कुणी बदललेला नाही एवढं सिद्ध होतं. खऱ्या वापरात अख्ख्या कागदावर ही क्रिया करत नाहीत, आधी कागदाचा हॅश काढतात, म्हणजे कितीही पानं असली तरी ठरलेल्या लांबीचा एक आकडा, आणि सही त्या हॅशवर. कागदात एक स्वल्पविराम इकडचा तिकडं झाला तरी हॅश पार बदलतो.

प्रश्न : ३३ चे ३ आणि ११ तर चौथीतलं पोरगं सांगेल. मग यात सेफ काय आहे? (पलूस)

चौथीतल्या पोराला ३३ द्या हो, पण ६१७ अंकी संख्या द्या की. वर गुरुजींना सांगितली त्या पद्धतीचं नाव आरएसए, आणि २०४८ बिटची (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) आरएसए की म्हणतात ती एवढी लांब असते. दोन मोठ्या मूळ संख्या गुणायला मोबाईलला काहीच वेळ लागत नाही, पण गुणाकारावरून त्या दोन परत मिळवायच्या तर जगातली सगळी कॉम्प्युटर बसवली तरी आज जमत नाही. सगळा खेळ ह्या एका गोष्टीवर उभा आहे. आणि हे "जमत नाही" गणितानं सिद्ध झालेलं नाही बरं का, इतकी वर्षं हुशार माणसं डोकं फोडतायत आणि झटपट रस्ता कुणाला सापडलेला नाही, एवढंच.

रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन ह्या तिघांनी १९७७ साली ही पद्धत काढली, त्यांच्या आडनावांवरूनच आरएसए. त्याच वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांच्या सदरात १२९ अंकी संख्या छापून चॅलेंज दिलं होतं, फोडणाऱ्याला १०० डॉलर. अंदाज होता की अब्जावधी वर्षं लागतील, आणि ती १९९४ ला फुटली, इंटरनेटवरून सहाशेच्या आसपास लोकांनी आपापली कॉम्प्युटर कामाला लावली म्हणून. २०२० मध्ये २५० अंकी संख्या पण फोडली. म्हणून तर की लांब लांब होत गेली. अंदाज सांगणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नये हेही त्यातून कळतं.

एक गोष्ट मात्र भल्याभल्यांना खरी वाटत नाही. एखादी मोठी संख्या मूळ आहे का नाही हे पटकन सांगता येतं, पण मूळ नसेल तर तिचे तुकडे कोणते हे सांगता येत नाही. दोन्ही कामं सारखीच वाटतात ना? नाहीत. पहिलं काम नक्की आणि मोजक्या वेळात करता येतं हे तर आपल्या आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये सिद्ध करून दाखवलं. म्हणूनच मोठ्या मूळ संख्या शोधून की बनवणं सोपं राहतं आणि मोडणं अवघड.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचा एवढा मोठा व्हिडिओ पाठवतो तो पण असाच घात करून जातो काय? (मिरज)

नाही, तसं केलं तर व्हिडिओ पुढच्या मुहूर्तापर्यंत पोचायचा नाही. हे गणित फार स्लो असतं. त्यामुळं व्हिडिओ लॉक करायला एकच साधी चावी असते, तीच लावायला तीच काढायला, आणि ती चावी दोघांमध्ये सुरक्षित ठरवण्यापुरतं पब्लिक-प्रायव्हेटचं गणित वापरतात. समोरासमोर न भेटता उघड्या रस्त्यावर चावी कशी ठरवायची हे डिफी आणि हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७६ ला मांडलं. ब्रिटिश गुप्तचर खात्यातल्या लोकांनी ते त्याआधीच काढलेलं होतं पण सांगायची सोय नव्हती, १९९७ ला बाहेर आलं. बँकेच्या वेबसाईटला पण हीच जोड पद्धत.

प्रश्न : सातबारा ऑनलाईन काढला, १५ रुपये भरले, पीडीएफ उघडली तर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह आणि खाली लिहिलंय की सही व्हेरिफाय झाली नाही. द्राक्षबागेच्या कर्जासाठी पाहिजे होता. सोसायटीतले म्हणतात हा चालत नाही. फसलो काय? (तासगाव तालुका)

फसला नाहीत दादा, बहुतेकांना हे पिवळं चिन्ह दिसतंच, आणि मला विचाराल तर आजच्या अंकात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

वर गुरुजींना सांगितलं त्यात एक भोक आहे. नातवाला कसं कळलं की ३३ आणि ३ ही की आजोबांचीच आहे? समजा मधे एकजण बसला, त्यानं स्वतःची जोडी बनवली आणि नातवाला सांगितलं की ही घे आजोबांची पब्लिक की. नातू बिनधास्त त्यानं लॉक करणार, मधला उघडून वाचणार, परत आजोबांच्या खऱ्या कीनं लॉक करून पुढं ढकलणार. दोघांनाही पत्ता नाही. गणित एका जागी चुकलेलं नाही आणि तरी गुपित गेलं! सगळे लोक की किती बिटची ते विचारतात, विचारायला पाहिजे ते हे, की ही की कुणाची आणि असं कोण म्हणतंय.

त्यासाठी सर्टिफिकेट. त्यात माणसाचं नाव आणि त्याची पब्लिक की, आणि खाली तिसऱ्या कुणाची तरी सही की होय, ही याचीच. मग त्या तिसऱ्याला कोण ओळखतं? त्याच्यावर आणखी वरच्याची सही. आपल्याकडं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज म्हणून सरकारी अधिकारी आहेत, साखळीचं सगळ्यात वरचं टोक तिथं. तलाठ्याच्या सहीचं सर्टिफिकेट एका लायसन्सवाल्या संस्थेनं दिलेलं, त्या संस्थेला कंट्रोलरनं.

तुमच्या कॉम्प्युटरमधलं पीडीएफ उघडणारं सॉफ्टवेअर ते वरचं टोक ओळखत नसेल तर बिचारं म्हणतं की सहीचं गणित तर जुळतंय पण हा माणूस कोण मला माहिती नाही. ते पिवळं प्रश्नचिन्ह. कागदात सहीनंतर कुणी फेरफार केला असता तर लाल फुली आली असती, तिथं मात्र थांबायचं. पिवळं असेल तर सहीवर क्लिक करून सर्टिफिकेट उघडायचं, साखळी वरपर्यंत बघायची, आणि सगळ्यात वर कंट्रोलरचं रूट सर्टिफिकेट असेल तर ते सॉफ्टवेअरच्या ट्रस्टेड (म्हणजे भरवशाच्या) यादीत घालून सही परत तपासायला लावायची, हिरवी खूण येते. पण नेट कॅफेवाला म्हणतोय म्हणून डोळे झाकून घालू नका, त्याच्याकडचं रूट सर्टिफिकेट कंट्रोलरच्या स्वतःच्या वेबसाईटवरच्याशी पडताळून घ्यायचं.

आणि प्रिंट काढून सोसायटीत दिली असेल तर त्या कागदावर डिजिटल सही उरलेलीच नसते, फक्त सहीचं चित्र असतं. ते हिरवं असो पिवळं असो काय फरक पडत नाही. सोसायटीवाल्यांना सांगा की उताऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलाय तो महाभूमीच्या (जमिनीच्या नोंदींच्या सरकारी) साईटवर टाकून बघा. त्यांनी दोन मिनिटं काढली तर तुमची चक्कर वाचेल.

प्रश्न : आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, हळदीचा व्यापार. माझं डीएससी टोकन (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट असलेलं यूएसबी यंत्र) सीए साहेबांच्या ऑफिसातच असतं, पिन पण टोकनला चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलाय. सगळेच असं करतात. चालतंय ना? (मार्केट यार्ड, सांगली)

सगळेच करतात हे खरं, ड्रॉवर उघडला की वीस-पंचवीस टोकनं रबर लावून, प्रत्येकावर नाव आणि पिन. आणि मला ते बघितलं की पोटात गोळा येतो.

टोकन हे पेन ड्राइव्हसारखं दिसतं पण पेन ड्राइव्ह नाही. प्रायव्हेट की त्याच्या आतच तयार होते आणि आतच राहते, कॉपी करून बाहेर काढता येत नाही, सही करायचा हिशेब पण आतच होतो. म्हणजे चोराला की चोरायची तर अख्खं टोकनच न्यायला पाहिजे आणि वर पिन पाहिजे. एवढी भारी व्यवस्था केली त्या लोकांनी आणि आपण पिन वरच चिकटवला!

सीए साहेब सज्जन असतील, प्रश्न त्यांचा नाहीच. त्या टोकननं जे जे सही होईल ते तुम्हीच केलं असं धरलं जाणार, कारण गणिताला एवढंच कळतं की की कुणाची, बटण कुणी दाबलं ते कळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४२ व्या कलमात स्पष्ट आहे की आपल्या प्रायव्हेट कीवर ताबा ठेवायची काळजी ज्याचं सर्टिफिकेट त्यानं घ्यायची, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली तर लगेच सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला कळवायचं. तेव्हा टोकन घरी आणा, पिन बदला, रिटर्नच्या दिवशी स्वतः जा नाहीतर त्यांच्या पोराला दुकानात बोलवा. चहा पाजा. दोन तास जातील, जाऊ देत.

प्रश्न : प्रोजेक्टचा कोड गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाईट) टाकताना चुकून एसएसएचची (लांबच्या सर्व्हरवर शिरायच्या सोयीची) प्रायव्हेट की पण गेली. लगेच डिलीट केली. विषय संपला ना? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली)

नाही संपला. डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये (म्हणजे साठवलेल्या आधीच्या नोंदीत) ती आहेच, आणि रिपॉझिटरी (कोडचं ते कपाट) पब्लिक असेल तर असल्या फाईली हुडकत फिरणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम असतात. ती जोडी मेली समजा. नवीन जोडी बनवा, आणि जिथं जिथं जुनी पब्लिक की टाकली होती त्या प्रत्येक सर्व्हरवरून काढा, हे दुसरं काम पोरं विसरतात. नावाच्या शेवटी डॉट पब (.pub) असलेली फाईल वाटायची, ती पब्लिक की, बिगर डॉट पबवाली नाही.

प्रश्न : क्वांटम कॉम्प्युटर आला की हे सगळं फुकट जाणार म्हणे? (आष्टा)

आरएसए जाईल, पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर (अणूंच्या जगातल्या नियमांवर चालणारा वेगळ्या जातीचा कॉम्प्युटर) बनला तर. मोठ्या संख्येचे तुकडे त्यावर झटपट कसे करायचे हे गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलंय, फक्त तसं मशीन अजून कुणाकडं नाही. तुकड्यांवर अवलंबून नसलेलं वेगळं गणित तयार आहे, अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पहिली स्टँडर्ड जाहीर केली. घाई आहे ती ज्यांची गुपितं वीस-तीस वर्षं टिकायला पाहिजेत त्यांना, कारण आज लॉक केलेला माल कुणीतरी साठवून ठेवून नंतर उघडू शकतो. आपल्या डीएससीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची, त्यामुळं तुम्ही सध्या फक्त फोनचे अपडेट वेळेवर घेत चला, नवीन गणित त्यातूनच येतंय.