भावाची बेळगावला कसम परेड (ट्रेनिंग संपल्यावर शपथ घेतात ती) आहे, सावंतवाडीहून म्हाताऱ्या आजीला न्यावं का? घरचे "दगदग नको" म्हणतात. रस्ता, राहणं, पार्किंग कसं?

न्या.

आणि "दगदग" हा शब्द घरात सगळ्यात आधी कोणी काढला, ते बघून ठेवा. आमच्याकडे काकांनी काढला. गाडी त्यांची होती आणि काकूच्या बहिणीला बेळगावात साड्या बघायच्या होत्या. आजीला नेलं असतं तर त्या बहिणीला जागा उरली नसती.

माझा धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत अग्निवीर म्हणून लागला. भरतीचं कळलं त्या दिवसापासून काकांचं एकच पालुपद. "चार वर्सांची नोकरी ती, त्यात पुढे ठेवतले शंभरातले पंचवीस. तेचो कसलो सोहळो? फौज घाटावरच्यांची, आपली पोरां मुंबईक जाणारी." त्यांचा स्वतःचा मुलगा मुंबईत सारख्या कंपन्या बदलतो, त्याला कोणी कधी हिशोब विचारला नाही. आणि घाटावरच्यांची म्हणे! याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगेंना १९४४ साली इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते रायगडातल्या माणगाव तालुक्यातले. हे मी पडवीत सगळ्यांसमोर बोलले. त्यावर काका "तू गप ऱ्हव" म्हणाले आणि विषय संपला.

शेवटी आम्ही भाड्याची इको केली. आई, बाबा, आजी आणि मी. आदल्या दिवशी आंबोलीमार्गे चंदगडवरून गेलो. घाटात आजी लिंबू हुंगत बसली होती, तिला काही झालं नाही. उलट्या मला झाल्या.

परेड सकाळी लवकर असते. बँड सुरू झाला आणि पोरं आली. लाइट इन्फंट्रीची चाल इतरांपेक्षा जलद असते, त्यामुळे आपला कुठला हे ओळखेपर्यंत ओळ पुढे निघून जाते. सगळ्यांची टोपी तीच, हनुवटी तशीच वर. बाबा बोटाने दाखवत होते ते दुसऱ्याच कोणाला, हे नंतर फोटोत कळलं. आजीने तर प्रयत्नच सोडला. "सगळेच आपले दिसतत," म्हणाली आणि जो समोरून जाईल त्याला हात जोडत राहिली. शपथ झाली, "बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" उठली, तेव्हा ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. मी बस म्हटलं तर ऐकेना.

मग भेटायला सोडलं. भाऊ पाया पडला. ३१ आठवड्यांच्या ट्रेनिंगने त्याचे दंड दुप्पट झालेत, तरी आजी ते चाचपून म्हणते, "झिला, बारीक झालंस रे." तो हसला आणि मग रडला. आईजवळ नाही रडला, आजीजवळ रडला. दगदगीचा हिशोब करणाऱ्यांनी हा पण धरावा.

आई-बाबांना गौरव पदक मिळालं. काका तोवर साड्यांच्या मंडळींसह पोचले होते आणि फोटोत मधोमध उभे राहिले. पदक आई-वडिलांचं असतं, चुलत्यांचं नसतं, एवढंच मी तेव्हा मनात म्हटलं. आता इथे लिहिते.

अग्निवीर योजनेबद्दल माझेही प्रश्न आहेत. चार वर्षांनी सेवानिधीचे, म्हणजे नोकरी संपताना एकरकमी मिळणारे, साधारण ११.७१ लाख हातात येणार, पेन्शन नाही, पोरगा तेव्हा ऐन पंचविशीच्या आत-बाहेर. हे सरकारला विचारायचे प्रश्न आहेत. परेडच्या दिवशी त्या पोराच्या तोंडावर विचारायचे नाहीत.

तुमच्या बाकीच्या गोष्टी. आदल्या दिवशीच जा. पहाटे निघून घाट चढून वेळेत पोचू या भ्रमात राहू नका, आंबोलीत धुकं असलं तर गाडी रांगते. पावसाळ्यात दरड पडते, निघण्याआधी चौकशी करा. तिलारी घाटाचा रस्ता आहे, पण आजी बरोबर असेल तर मी तो घेणार नाही. सगळ्यांची आधार कार्डं घ्या. किती जणांना आत सोडतात आणि मोबाईल चालतो का, ते भावालाच विचारा, युनिटकडून आलेलं पत्र असेल तर नीट वाचा. ऊन लागतं, आजीला पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी. कॅम्पच्या जवळचाच लॉज बघा.

आणि हो, आजीला हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. माझं सगळं वरचं म्हणणं धडधाकट म्हातारीबद्दल आहे. डॉक्टर नको म्हणाले तर नको. काका नको म्हणाले तर न्या.

पार्किंगचं मला माहीत नाही, आम्ही इको लॉजवर ठेवून रिक्षाने गेलो.