लिनक्स टाकलं की विंडोज उडतं का?

प्रश्न: घरच्या लॅपटॉपवर ५१२ जीबीची एसएसडी आहे, विंडोज ११ चालू आहे. सोबत उबुंटू हे लिनक्स टाकायचं आहे. पार्टिशन (डिस्कचे वेगळे भाग) कशी पाडावीत? मित्र म्हणतो लिनक्स टाकलं की विंडोज उडतं, हे खरं का?

उत्तर:

तुमच्या मित्राचं हे वाक्य मी आमच्याच घरात वर्षानुवर्षं ऐकत आलोय, म्हणून आधी त्याचा समाचार घेतो. नाही, आपोआप काही उडत नाही. कोणीतरी उडवावं लागतं, आणि बऱ्याचदा तो उद्योग लिनक्सची सीडी घरात यायच्या आधीच, विंडोजमध्ये बसून झालेला असतो.

आमच्याकडे हा उद्योग दाजींनी केला.

२०११ सालची गोष्ट. ताई तेव्हा पुण्यातल्या एका कॉलेजात बी.सी.एस.च्या मुलांना शिकवायची. लॅबमध्ये सगळी प्रॅक्टिकल्स लिनक्सवर आणि घरच्या लॅपटॉपवर विंडोज ७. मुलांचे प्रोग्राम घरी तपासता येईनात, म्हणून तिने मला फोन केला, "रविवारी कोथरूडला ये आणि ते तुझं उबुंटू टाकून दे." माझ्याकडे तेव्हा उबुंटूवाल्यांनी पोस्टाने फुकट पाठवलेल्या सीड्या पडूनच असायच्या. ती फुकट सीड्यांची योजना बंद झाली तीही त्याच वर्षी.

दाजींनी शनिवारी रात्रीच "तयारी" करून ठेवली होती. दाजी भोसरीला एका कंपनीत परचेसला. ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या पोराशी त्यांची दोस्ती, त्यामुळे घरात या विषयावरचा शेवटचा शब्द त्यांचा. आणि त्यांचं एक तत्त्व होतं: सीमध्ये काही ठेवायचं नाही, सगळं डीमध्ये. या लॅपटॉपला डी ड्राइव्हच नव्हता आणि ते त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होतं. लिनक्स येतंय तर त्याआधी आपला डी करून घेऊ, असा विचार.

आता तो लॅपटॉप फॅक्टरीतून येतानाच चार पार्टिशन घेऊन आला होता. बूटचं एक चिमुकलं, मग सी, मग रिकव्हरी आणि शेवटी कंपनीच्या स्वतःच्या टूल्सचं एक. चारही प्रायमरी, म्हणजे मुख्य. पार्टिशनच्या नोंदी ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये पार्टिशनच्या नोंदींसाठी फक्त ६४ बाइट राखलेले असतात. एका नोंदीला १६ बाइट, म्हणजे चार नोंदी, पाचवीला जागाच नाही. ही व्यवस्था १९८३ची, आयबीएमच्या पीसीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क यायला लागली तेव्हाची. तेव्हा चार पार्टिशन म्हणजे चैन होती. पाचवं हवं असेल तर चारातलं एक एक्स्टेंडेड करायचं आणि त्याच्या पोटात लॉजिकल पाडायची. पण ते करायला आधी चारातलं एक मोकळं तर पाहिजे!

दाजींनी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं, सी लहान केला, मोकळ्या झालेल्या जागेच्या काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून नवीन व्हॉल्यूम बनवायला सांगितलं. विंडोजने रीतसर विचारलं: ही डिस्क बेसिकची (साध्या रचनेची) डायनॅमिक (विंडोजच्या स्वतःच्या रचनेची) होईल, तसं केलंत तर चालू विंडोज सोडून या डिस्कवरून दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करता येणार नाही, चालेल का? अगदी स्पष्ट लिहिलेलं असतं तिथे. दाजींनी 'येस' दाबलं. डी ड्राइव्ह आला, लॅपटॉप चालू होता, माणूस खूश.

रविवारी मी सीडी घालून इन्स्टॉलर चालू केला. त्याला विंडोज सापडेचना. सी नाही, डी नाही, नुसती एक अनोळखी डिस्क, आणि पुढे जायचं असेल तर ती सगळी पुसून टाका म्हणाला. मी तिथेच थांबलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढच्या दंतकथेत हा भाग येत नाही. परत विंडोज चालू करून डिस्क मॅनेजमेंट बघितलं. जिथे प्रायमरीच्या गडद निळ्या पट्ट्या असायला हव्यात तिथे सगळ्या शेवाळी रंगाच्या. तो रंग दिसला की समजायचं, डिस्क डायनॅमिक झाली. दाजी मागे उभे. म्हणाले, "बघ, तुझ्या लिनक्सला साधी डिस्क दिसत नाही."

डायनॅमिकची परत बेसिक करायची तर मायक्रोसॉफ्टचा राजमार्ग एकच: सगळे व्हॉल्यूम डिलीट करा. डिलीट न करता उलटवून देणारी दुसऱ्या कंपन्यांची टूल्स मिळतात, पण ताईच्या लग्नाचे फोटो त्या डिस्कवर असताना मी ती वापरणार नव्हतो. सगळा डेटा यूएसबीच्या डिस्कवर उतरवला. तेव्हा यूएसबी २ होतं, सेकंदाला तीसेक एमबी मिळाले तरी नशीब, त्यात बारीकसारीक हजारो फाइली. संध्याकाळ तिथेच गेली, पिठलं-भाकरीही तिथेच झाली. मग डिस्क कोरी केली, लॅपटॉपच्या पोटाखाली स्टिकरवर छापलेली की घालून विंडोज ७ नव्याने टाकलं, उरलेल्या जागेचं एक्स्टेंडेड केलं, त्यात उबुंटूचं रूट (सिस्टिम जिथे बसते ते मुख्य पार्टिशन), स्वॅप (मेमरी कमी पडली तर लागणारी जागा) आणि हो, दाजींचा डीसुद्धा. ताईने तो लॅपटॉप दोन्ही सिस्टिमसकट पुढे कित्येक वर्षं वापरला.

आणि घरात गोष्ट काय झाली? "मेहुण्याने लिनक्स टाकलं आणि लॅपटॉप उडवला." दर गणपतीत, आरती झाली की प्रसादाबरोबर ही गोष्ट. मी एकदा शेवाळी पट्ट्यांचं सांगायला गेलो तर बाबा स्वयंपाकघरात नेऊन म्हणाले, "सोड ना, जावई आहेत." विषय संपला.

असो. आता तुमचं.

तुमच्या मशीनला चार पार्टिशनची भानगड नाही. विंडोज ११सोबत आलेला लॅपटॉप म्हणजे यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) आणि जीपीटी (पार्टिशनच्या नोंदींची नवी पद्धत). त्यात विंडोजच्या हिशेबाने १२८ पार्टिशन होतात, प्रायमरी-लॉजिकल हा भेदच संपला. ५१२ची एसएसडी विंडोज ४७६ दाखवेल. ती चोरी नाही, मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. सी लहान करायचा तो विंडोजमधूनच. न हलणाऱ्या फाइली मध्ये बसलेल्या असल्या तर पाहिजे तेवढा लहान होत नाही. अशा वेळी हायबरनेशन आणि पेजफाइल (दोन्हींसाठी विंडोज मोठ्या फाइली ठेवतं) तात्पुरतं बंद करून परत बघा. शंभर जीबी मोकळे करा आणि तसेच रिकामे सोडा. तिथे ड्राइव्ह-बिइव्ह बनवू नका, इन्स्टॉलर बघून घेईल. उबुंटूला एक रूट पुरतं. स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन लागायचं तो काळ गेला, आता स्वॅप फाइलवर भागतं. होम (तुमच्या फाइलींची जागा) वेगळं करा असं सांगणारे भेटतील, केलंत तर बिघडत नाही. आधीपासून जे छोटं ईएफआय पार्टिशन आहे, ज्यातून सिस्टिम सुरू होतात, त्याला फॉरमॅट मारायचा नाही. विंडोज खरोखर उडवायचंच असेल तर ती जागा उत्तम.

विंडोजमधली फास्ट स्टार्टअपची टिक काढा. ती असली की शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं, मग लिनक्स सी ड्राइव्ह फक्त वाचायला देतं किंवा उघडतच नाही. आणि विंडोज अपडेटनंतर कधी थेट विंडोजच चालू व्हायला लागलं तर घाबरून दुकानात धावू नका. बहुतेक वेळा फक्त बूटचा क्रम बदललेला असतो, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन उबुंटू वर सरकवलं की झालं. उलट बाजूने ग्रबच्या (सुरू होताना कुठली सिस्टिम हवी ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत विंडोज दिसत नसेल तर ओएस-प्रोबर, म्हणजे दुसऱ्या सिस्टिम शोधणारा त्याचा शोधक, चालू करा. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१पासून, तो मुळातच बंद ठेवलेला असतो.

माझं खरं मत विचाराल तर एका डिस्कवर दोन सिस्टिम टाकूच नका. लॅपटॉपमध्ये एसएसडीचा दुसरा स्लॉट असेल तर पुण्यातल्या तापकीर गल्लीतून एक छोटी एसएसडी आणा आणि लिनक्स त्यावर टाका. टाकताना विंडोजची डिस्क काढून ठेवता आली तर काढा. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरला खोड होती, तुम्ही दुसरी डिस्क सांगितली तरी बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) पहिल्या डिस्कच्या ईएफआयमध्ये नेऊन ठेवायचा. दोन सिस्टिम दोन डिस्कांवर असल्या की कोणी कोणाला उडवलं हा वादच उरत नाही. मला तर हे घरगुती शांततेसाठी पटतं.

आणि डी ड्राइव्हबद्दल, कारण तुम्हीही तो करणार हे मला माहीत आहे. एक्सपीच्या जमान्यात वर्षा-दोन वर्षांनी विंडोज कुजायचं, दुकानातला मुलगा सीला फॉरमॅट मारायचा आणि डी वाचायचा. तेव्हा त्या सवयीत अर्थ होता, हे मी दाजींच्या बाजूने कबूल करतो. पण त्यातून अख्ख्या महाराष्ट्राचा समज झाला की डी म्हणजे लॉकर. अहो, एकाच वाड्यात मधे पडदा टाकून दोन बिऱ्हाडं केली, तरी वाडा पडल्यावर दोन्ही रस्त्यावरच येणार ना? पुढे दाजींच्याच डेस्कटॉपची हार्ड डिस्क टकटक करायला लागली आणि एका दुपारी गेली. सी, डी, ई, तिन्ही एकदम. डीमध्ये भाच्याच्या मुंजीचे फोटो होते. ते परत मिळाले, कारण मी माझ्या डिस्कवर कॉपी ठेवली होती, लिनक्सच्या पार्टिशनवर. ही गोष्ट मात्र गणपतीत कोणी सांगत नाही.

तेव्हा बॅकअप म्हणजे दुसरी डिस्क, आणि कामाच्या आधी तो घ्यायचाच.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का ते सगळ्यात आधी बघा, नव्या लॅपटॉपवर न विचारताही चालू असतं. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा, नाहीतर बायोसला हात लावताच विंडोज ती मागत बसेल आणि मग तुमचा मित्र बरोबर ठरेल. इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नसेल तर इंटेलच्या मशीनवर बायोसमधलं व्हीएमडी किंवा आरएसटी (डिस्क हाताळायची इंटेलची सेटिंग) बघा, पण ते एकदम बंद केलंत तर विंडोज बूट होणार नाही. त्याआधी विंडोज सेफ मोडमध्ये चालू होईल अशी सोय करावी लागते. घरात कोणी जुन्या फॉन्टांवर डीटीपीचं काम करत असेल तर ते विंडोजवरच राहू द्या, तिथे हट्ट नको. लिनक्स फक्त बघायचंच असेल तर मात्र हे सगळं वाचलेलं विसरा आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आतच दुसरी सिस्टिम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवा. आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं तर मदरबोर्डचा सेल गेलेला नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एका ओळीची कमांड आहे.

लॅपटॉपचं मॉडेल कळवा, दुसरा स्लॉट आहे का बघून सांगतो.